पिठाची विरी

सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता उत्साहाबद्दल बोलणं म्हणजे चेष्टाच. पारा 43 वर, नवी पेठेतली शटरं अर्धी खाली, रिक्षावाला मागच्या सीटवर पाय दुमडून आडवा झालेला. आणि फोनमध्ये सकाळपासून पडलेला गुलाबाचा फोटो, त्याखाली ओळ: 'तुमचा दिवस उत्साहाने भरलेला जावो.' ज्यानं तो पाठवला तोही यावेळी पंख्याखाली ओला टॉवेल अंगावर घेऊन पडलेला असणार. त्याला फोन करून विचारा, सुखी आहेस का? तो म्हणेल, "हाय की बे, मला काय झालंय?"

या उत्तरात उत्साह औषधालाही नाही. सुख मात्र आहे, आणि ते खोटं वाटत नाही.

तरी सुखी माणूस म्हटला की डोळ्यांपुढे उड्या मारणारा माणूस येतो. पहाटे पाचला उठणारा, सहलीची यादी करणारा, लग्नात पहिला नाचणारा. जो गप्प बसतो, ज्याला कशाची घाई नाही, त्याच्याकडे बघून घरचे म्हणतात, 'याला आयुष्याचा काही उत्साहच नाही.' म्हणणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि थोडा आरोपही. तो आरोप टिकतो का, हे तपासून बघण्यासारखं आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. 'उत्' आणि 'सह्' हा धातू मिळून उत्साह. सहन, साहस, सहिष्णू ही त्याच धातूची भावंडं. काव्य-नाट्याच्या रसशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, आहे. हास्यरसाचा स्थायीभाव हास, शांतरसाचा शम. म्हणजे जुन्या हिशेबात उत्साह हे आनंदाचं नाव नव्हतंच. अंगावर आलेलं पेलायच्या ताकदीचं ते नाव होतं. पुढे हा शब्द जाहिरातवाल्यांच्या आणि व्याख्यानं देणाऱ्यांच्या हाती गेला, आणि त्याचा अर्थ टाळ्या वाजवणे एवढाच उरला.

मानसशास्त्राची मोजपट्टीही इथं थोडी उपयोगाची आहे. एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली समाधान मोजायला पाच विधानं तयार केली. प्रत्येकाला 1 ते 7 गुण, एकूण 5 ते 35, आणि 20 म्हणजे बरोबर मधली रेघ. आयुष्य मनासारखं आहे का, महत्त्वाचं ते मिळालं का, पुन्हा जगायला मिळालं तर फार काही बदलाल का, अशा धर्तीची ती विधानं. त्यात उत्साह नावाला नाही. जेम्स रसेल यांनी 1980 साली भावना एका वर्तुळावर मांडल्या: एक रेघ सुखद-दुःखद अशी, दुसरी तिला आडवी, अंगात किती चेतना आहे याची. उत्साह आणि निवांतपणा दोन्ही सुखाच्याच बाजूला बसतात, एक वरच्या कोपऱ्यात, एक खालच्या. स्टॅनफर्डच्या जीन त्साई यांना असं दिसलं की अमेरिकन माणसाला वरचा कोपरा हवासा वाटतो आणि पूर्व आशियातल्या माणसाला खालचा जास्त. आपल्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी कुठे बोट ठेवलं असतं, हे सांगायला संशोधक लागत नाही.

पण दुसरी बाजू लपवून चालणार नाही. 2004 साली पीटरसन आणि सेलिगमन यांनी माणसाच्या 24 गुणांची यादी मांडली. समाधानाशी कोणता गुण जास्त जुळतो हे पाहिलं तेव्हा जीवनोत्साह आणि आशा वरच्या रांगेत निघाले. शिकण्याची आवड, सौंदर्यदृष्टी बऱ्याच खाली. उत्साहवाल्यांचा हाच हुकमी पत्ता. फक्त जुळतं म्हणजे त्यामुळे होतं असं नाही. ज्याचं बरं चाललंय त्याच्या अंगात उत्साह येतो, हे उलटं वाचनही त्याच आकड्यांत बसतं.

या सगळ्यापेक्षा जास्त सांगून जातो तो उंदरांचा प्रयोग. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ संपवलं. ते उंदीर अन्नाकडे जाईनात. समोर असलेलं खाईनात, उपाशी मेले असते. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की तेच उंदीर ओठ चाटत. गोडी जिथल्या तिथं होती, तिच्याकडे जायची ओढ तेवढी गेली होती. हवं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिथून पुढं आलं.

घरोघरी हे रोज दिसतं. 'मला भूक नाही, माझं पान वाढू नका' म्हणत बसलेला माणूस. त्याच्यापुढे गरम भाकरी आणि शेंगाचटणी येते. चटणी कशी, तर पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून साल पाखडलेले, दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे लाल तिखट, मीठ, आणि हे सगळं उखळात कुटलेलं. दाण्याचं तेल सुटून चटणी बोटांना चकाकी देईपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये सलग फिरवली तर आधी कोरडा भुगा होतो आणि मग तापून लगदा. थांबून थांबून फिरवली तर निदान जवळपास जाते. त्यावर दही. तर भूक नसलेला तो माणूस बघता बघता दोन भाकऱ्या संपवतो. त्याला उत्साह नव्हता. चव होती.

आणि इथंच ज्वारीचं पीठ आठवतं.

विरी म्हणजे काय हे या भागातल्या बायकांना सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे कणकेसारखं ते आपोआप ओढून धरत नाही. भाकरी एकसंध राहते ती पाण्यानं, मळण्यानं आणि पिठाच्या ताजेपणानं. त्या धरून ठेवणाऱ्या गुणाला विरी म्हणतात. मालदांडी ज्वारी आजच गिरणीतून आणली असेल तर नवशिक्याचीही भाकरी जमून जाते. तेच पीठ महिनाभर डब्यात राहिलं की विरी जाते. रंग तोच, वासही फारसा बदललेला नाही. थापायला घेतली की कडेनं चिरा पडतात, आणि उचलताना भाकरीचे हातात दोन तुकडे.

अशा पिठाला जोर दाखवून उपयोग होत नाही. जास्त थापलं तर जास्त फाटतं, गार पाणी वाढवत गेलं तर परातीला चिकटतं, आणि आच मोठी केली तर बाहेरून करपून आत कच्चं राहतं. करायचं ते असं: वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळायचं, गॅस बंद करून त्यात पीठ सोडायचं, चमच्यानं हलवून पाच-दहा मिनिटं झाकून ठेवायचं. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की तळहाताच्या टाचेनं चार-पाच मिनिटं रगडून मळायचं. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि गेलेली विरी उसनी का होईना, येते. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की वरचा पापुद्रा तडकतो. मग ती फुगत नाही.

माणसाच्या बाबतीत उत्साह ही आच धरली तर विरी म्हणजे रुची. सकाळच्या चहाचा पहिला घोट लागतो का. नातवंडाच्या बोबड्या बोलण्यावर ओठ हलतात का. शेजारचा दोन दिवस दिसला नाही तर 'गेला कुठं हा' असं मनात येतं का. हे शाबूत असेल तर अंगात उड्या मारण्याची ताकद नसली तरी घरच्यांनी घाबरू नये. आच मंद आहे, एवढंच. आणि विरी गेली असेल तर आच वाढवून काही होणार नाही. 'उठ, फिर, हस, पॉझिटिव्ह राहा' हे सगळं फाटलेल्या भाकरीवर आणखी थापणं आहे.

मग उकळतं पाणी कोणतं? उपचारशास्त्रात त्याला फार साधं उत्तर आहे. मन नसलं तरी ठरवून छोटी कामं करत जायची, ही मानसशास्त्रज्ञ पीटर लुइनसन यांनी 1970 च्या दशकात मांडलेली पद्धत. 1996 साली नील जेकबसन यांच्या गटानं नैराश्याच्या उपचाराचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा विचार बदलण्याची सगळी खटपट बाजूला ठेवून नुसती कामं ठरवून करवून घेणं हेही पूर्ण उपचाराइतकंच उपयोगी पडलं. या पद्धतीचा गाभा असा, की मन येईपर्यंत थांबायचं नाही. उत्साह आधी आणि काम नंतर हा क्रम आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पुष्कळदा काम आधी जातं आणि उत्साह मागून, पाय ओढत येतो.

पहिला आठवडा काहीही बदलायचं नसतं, फक्त नोंद. एका वहीत दर तासाला काय केलं ते दोन-तीन शब्दांत, आणि त्यापुढे दोन आकडे, 0 ते 10: किती बरं वाटलं आणि किती जमलं. दोन आकडे वेगळे ठेवायचे, कारण कपाट आवरताना बरं 2 आणि जमलं 7 असं येऊ शकतं, आणि टीव्हीपुढे तीन तास बसून दोन्हीकडे 1. हे वहीत दिसल्याशिवाय माणसाला पटत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्याच बऱ्या गुणांच्या दोन गोष्टी वार आणि वेळ घालून लिहायच्या. 'रोज फिरायला जाईन' असं लिहिलेलं चालत नाही. 'बुधवारी सकाळी साडेसहाला, सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं, दहा मिनिटं' असं हवं. मे महिन्यात तर साडेसहाच. आठनंतर ऊन चाबकासारखं लागतं आणि त्या दिवसाचा गुण 0 पडतो, दोष मात्र मनाला लागतो.

फसतं कुठं, तर आकारात. महिनाभर अंथरुण न सोडलेला माणूस पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर ठरवतो, दोन किलोमीटरवर दमतो, आणि 'माझ्यानं होत नाही' याचा आणखी एक पुरावा घेऊन घरी येतो. ठरवलेलं काम इतकं लहान हवं की ते सांगायला थोडी लाज वाटावी. दुसरी चूक म्हणजे गुण आधीच देऊन ठेवणं. 'जाऊन काय होणार, 1 मिळेल'. अंदाजाचा आकडा लिहायचा असेल तर खुशाल लिहावा, पण करून आल्यावरचा त्याच्याशेजारी लिहावा. आठ-दहा नोंदी झाल्या की अंदाज किती वेळा खाली गेला ते आपल्याच अक्षरात समोर येतं. तिसरी चूक घरच्यांची: तो दहा मिनिटं फिरून आला की 'बघ, किती फ्रेश दिसतोयस!' असा गजर. त्यानं त्याला पुन्हा उत्साही दिसण्याची ड्युटी लागते. चहा द्यावा आणि गप्प बसावं.

डाळिंबवाल्यांना एक गोष्ट माहीत असते जी व्याख्यानवाल्यांना नसते. झाड वर्षभर फुलत ठेवलं तर ते मरतं. या जिल्ह्यात 'भगवा' जातीच्या डाळिंबाच्या बागा गावोगाव आहेत आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच, केगावला आहे. डाळिंबाला तीन बहार धरता येतात, आंबे, मृग आणि हस्त; शहाणा शेतकरी वर्षाला एकच धरतो. बहार धरायच्या आधी झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. जमीन हलकी असेल तर महिनाभर, भारी असेल तर दीड महिन्याच्या आसपास. पानं पिवळी पडतात, गळतात. उरलेली पानं इथ्रेल हे रसायन फवारून गाळतात, मग हलकी छाटणी, खत, आणि नंतर पाणी. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की बाग गेली. पण त्याच उघड्या काड्यांत पुढची फुलं साठत असतात, आणि फुलापासून तोडणीपर्यंत पाच-सहा महिने झाडाला तीच पुंजी पुरवायची असते. ताण कमी पडला तर फुलं एकदम न येता तुरळक येत राहतात. ताण तोडताना पहिलंच पाणी भरमसाठ दिलं तर पालवी माजते आणि फुलं गळतात. हाव धरून वर्षात दोन बहार ओढले तर झाड खंगतं, मग तेल्या आणि मर या रोगांना रान मोकळं.

उपमा इथवरच न्यावी. डाळिंबाचा ताण कोणीतरी दिवस मोजून देतं आणि दिवस मोजून तोडतं. माणसाच्या ताणाला तारीख नसते, आणि 'सोस, पुढे बहार येईल' असं दुसऱ्याला सांगणं तर निव्वळ निर्लज्जपणा. पण पानगळीचे दिवस असतात, त्यात झाड वाळलेलं नसतं, एवढं बागेतून नक्की घेता येतं. निवृत्तीनंतरचे सहा महिने, घरातलं माणूस गेल्यानंतरचं वर्ष, मोठ्या आजारातून उठल्यावरचा काळ. यात उत्साह शोधायलाच जाऊ नये.

पानगळ आहे की झाड वाळतंय, हे ओळखायचं कसं? डॉक्टर दोन प्रश्नांची एक चाळणी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत, एक, कशातच रस किंवा आनंद वाटला नाही असं किती दिवस झालं. दोन, उदास किंवा हताश वाटलं असं किती दिवस. अजिबात नाही 0, काही दिवस 1, निम्म्याहून जास्त दिवस 2, जवळजवळ रोज 3. दोन्हींची बेरीज 3 किंवा वर गेली की ते स्वभावावर ढकलायचं नाही, डॉक्टर गाठायचा. आणि मनावर घेण्याआधी रक्तही तपासायचं. हिमोग्लोबिन बाईमाणसात 12 च्या आणि पुरुषात 13 च्या खाली, थायरॉइड मंद, शाकाहारी घरात बी-12 कमी, साखर वाढलेली. यातलं एकेक कारण माणसाला सहा महिने 'निरुत्साही' ठरवायला पुरतं. तापलेल्या स्लॅबखाली रात्री धड झोप नाही, हेही कारणच, आणि त्याला कोणी आजार म्हणत नाही. जगणं नको वाटतंय असा विचार डोकावला तर गुणबिण मोजत बसू नये. 14416 हा टेलिमानसचा सरकारी फोन फुकट आणि चोवीस तास चालतो.

उलट बाजूही आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सलग चार दिवस किंवा जास्त, दोन-तीन तासच झोप आणि तरी थकवा नाही, डोक्यात योजनांची रांग, बोलणं थांबत नाही, उसने काढून खरेदी. असा माणूस घरात सगळ्यांत उत्साही दिसतो आणि सगळ्यांत आधी त्यालाच डॉक्टरकडे न्यायला हवं असतं. उत्साह हे सुखाचं प्रमाणपत्र मानणाऱ्यांच्या घरात तो बिचारा सर्वांत उशिरा पोचतो.

एक तक्रारही करून ठेवतो. उत्साहाची मागणी हल्ली कामाच्या जागी पगाराबाहेरची वसुली म्हणून होते. विडी वळणारी बाई सुपात तंबाखू आणि भिजवलेली पानं घेऊन बसते. साचा ठेवून पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. तिला हे काम उत्साहानं कर म्हणणाऱ्यानं एक हजार वळून दाखवाव्यात. पण तिच्या शेजारी दुसऱ्या चौघी बसलेल्या असतात, तेलुगूत काहीतरी चाललेलं असतं, मध्येच सगळ्या खो खो हसतात आणि बोटं थांबत नाहीत. त्या हसण्याला कामातला उत्साह म्हणणं चूक, आणि त्या सुखी नाहीत असं परस्पर ठरवणंही चूक.

उत्साह असतोच, नाही असं नाही. तो एकट्याचा कमी आणि चारचौघांचा जास्त असतो. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा बघावं. सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्ताभर. नंदीध्वजाची ती उंच काठी एकावेळी एकजण पेलतो, तोल सांभाळत पुढे सरकतो. त्याचा सराव काही आठवडे आधीपासून चाललेला असतो, रात्रीच्या थंडीत, कोणी बघायला नसताना. त्या सरावाच्या रात्रींना उत्साह म्हणावं तर तो जुना, 'सह्' धातूचा. टाळ्या मिरवणुकीच्या दिवशीच्या. यात्रा संपली, होम मैदानावरचे पाळणे उतरले की शहर पुन्हा यंत्रमागाच्या खडखडाटात आणि नळाला पाणी कधी येणार या चौकशीत जातं. उतरलेल्या उत्साहाचं कोणी सुतक धरत नाही.

त्याच दिवसांत घराघरात कडक भाकरी होते, कानडीत खडक रोट्टी. पीठ ताजंच लागतं, इथं उसनी विरी चालत नाही. नेहमीच्या भाकरीपेक्षा निम्म्याहून पातळ थापायची, दोन्ही बाजूंनी भाजून घ्यायची, आणि मग गॅस अगदी बारीक करून तव्यावर फडक्याच्या बोळ्यानं दाबत, फिरवत राहायचं, नाहीतर चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. मोठ्या आचेवर ती लवकर होत नाही, काळी होते. मधे ओलावा राहतो आणि चौथ्या दिवशी बुरशी धरते. कडक झाली की टिचकी मारून बघायची, पापडासारखा आवाज आला पाहिजे. डब्यात भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्यायची. कोमट भरली तर स्वतःच्याच वाफेनं मऊ पडते.